अळणी

पातेल्यात बोट बुडवायचं, चाटायचं आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणायचं, “लय वंगाळ! चला, वाढा आता.” मुलांच्या वॉर्डासाठी रांधणाऱ्या आमच्या मावशींची ही रोजची रीत.

सत्तर सालानंतरची गोष्ट. साताऱ्यातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. मूत्रपिंड बिघडून अंगावर सूज आलेल्या मुलांना मीठ बंद असे. तुम्ही आजाऱ्याचं जेवण पाहिलं असेल, पण तो अळणी दुधी पाहिला नसेल. पांढुरका, बुळबुळीत, ताटात आपोआप सरकणारा. त्याच्या वासानंच मला उमासे यायचे. तरी मी पोरांना हसून सांगायचे, “छान झालंय हं, खा.” पोरं तोंड घट्ट मिटून घ्यायची.

वडूजकडची सात वर्षांची एक मुलगी आली. सुजून डोळे उघडत नव्हते. तीन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. अशानं पोर हाती लागायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मावशी स्वतःसाठी तसलंच ताट वाढून तिच्या खाटेवर बसल्या.

“वंगाळ हाय बग. मला बी वकारी येतीया. एक घास तू, एक मी. आदी कोण वकतंय बगू.”

त्या दिवसापासून दोघी ‘ऑक ऑक’ करत जेवायच्या. बघणाऱ्याची अन्नावरची वासना उडावी असा तो प्रकार! पण ताट रिकामं व्हायचं आणि सूजही उतरू लागली.

दोन महिन्यांनी तिच्या गावची जत्रा झाली. जत्रेचा वाटा घरच्या माणसाला चुकवायचा नसतो, म्हणून तिचा बाप मटणाचा डबा घेऊन आला. “देवाचं हाय. त्यानं काय हुतंय?” देवाचं नाव निघाल्यावर मी बाजूला झाले.

मावशींनी मुलीच्या ताटातला दुधी त्याच्यापुढे धरला. “आवं, आदी ह्यो खावा.”

त्यानं घास घेतला आणि खिडकीतून थुंकला. “माज्या लेकीला ह्ये घालता व्हय?”

“दोन महिनं खातीया ती. त्यो डबा खाल्ला तर सूज परत चडंल. बगा, तुमीच ठरवा.”

त्यानं लेकीच्या सूज उतरलेल्या पायांकडे पाहिलं आणि डबा बंद केला. मग तिच्या शेजारी बसून, डोळ्यांतून पाणी काढत, राहिलेला दुधी तिच्याबरोबर संपवला.

दोनेक वर्षांनी तो पुन्हा आला. मावशी त्याच्या येण्याआधीच्या पावसाळ्यात काविळीनं गेल्या होत्या.

“पोरगी बरी हाय,” तो म्हणाला. “डाक्टर म्हंत्यात थोडं मीठ चालंल. पर तिलाच खपत न्हाई, थुकून टाकती. ह्ये पिठलं तिनं केलंय, मावशीसाठी.”

मी मावशी गेल्याचं सांगितलं. तो बाकावर टेकला. मग त्यानं डबा माझ्याकडे सरकवला. “तुमी तरी खावा, बाई. तसंच परत न्हेलं तर रडंल ती.”

मी घास घेतला. अळणी, मातकट, चिकट गोळा टाळूला बसला, काही केल्या गिळवेना. नळापाशी जाऊन थुंकले. असलं अन्न मी वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडात कोंबत आले होते आणि एकदाही चाखलं नव्हतं. चूळ भरता भरता मला माझीच शिसारी आली.