साध्या पाण्याचा आकडा

यशोधरा खरात उल्हासनगरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करायची. तिशी उलटली तरी डिग्री हातात नव्हती. ती राहायची त्या अंबरनाथ पूर्वेच्या शेजारणी विचारायच्या, "काय गं, तुझी डबी झाली का?"

डबी म्हणजे मुठीत मावेल एवढं यंत्र. काचेवर सेंद्रिय रसायनांचे पातळ थर दिलेले. एका थरात वीज सोडली की तो हिरवा उजळायचा. दुसऱ्यावर उजेड पडला की तो वीज द्यायचा. दोहोंच्या मध्ये लघवीचे दोन थेंब आणि एक रंग. मधुमेहाने किडनी झिजू लागली की लघवीत प्रथिन उतरतं, आणि ते रंगाला चिकटलं की रंग तांबूस चमकतो. ती चमक दुसऱ्या थराने, म्हणजे सेन्सरने, मोजायची. मोठ्या लॅबचं हे काम गावच्या ओट्यावर व्हावं, एवढाच तिचा ध्यास.

२००८ च्या हिवाळ्यात वांगणीला मधुमेहाचं शिबिर भरलं. तिच्या गाइड माधवी मॅडम जातीने हजर होत्या. पहिला नमुना यशोधराने आपल्या आईचा, भिमाबाईंचा घेतला. आकडा भरपूर आला. पुढच्या माणसाचाही तसाच, त्याच्या पुढच्याचाही.

"बघ, किती सेन्सिटिव्ह आहे!" मॅडम खूश झाल्या.

यशोधराच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिने बाटलीतलं प्यायचं पाणी डबीत घातलं. आकडा तेवढाच.

"मॅडम, पाण्यालाही किडनीचा आजार झालाय."

मॅडमचा चेहरा उतरला. "दिव्याचा उजेड थेट सेन्सरवर सांडतोय. तेवढा वजा कर आणि पेपर पाठव. तारीख जवळ आलीय."

"ज्याचा आजार नुकता सुरू झालाय, त्याची चमक त्या उजेडातच बुडून जाईल. आणि आपल्याला तर तोच माणूस शोधायचाय."

ती उठली आणि बाकांवरच्या लोकांना म्हणाली, "आजचे आकडे चुकीचे आहेत, कुणी घाबरू नका. मी यंत्र दुरुस्त करून परत येईन."

"आमचा सगला दिस फुकट गेला की!" रखमाबाई नावाची म्हातारी फणकारली. यशोधराने ते ऐकून घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही. घरी भिमाबाई म्हणाल्या, "बरं केलंस. आता परत येईन म्हणालीस, तर जायचं हां."

मग महिने गेले. हिरवा उजेड अडवायला तिने रंगीत फिल्टर लावले, तर फिल्टर स्वतःच चमकू लागले. मॅडमनी बोलणं कामापुरतं ठेवलं. कॉलेजातले सहकारी सांगू लागले, विषय बदल. ती हटली नाही.

एकदा मोबाइल बिघडला म्हणून ती उल्हासनगरात परसराम नावाच्या सिंधी दुकानदाराकडे गेली. त्याने स्क्रीनवरची फिल्म सोलली आणि अक्षरं गायब झाली. फिल्म परत धरली, अक्षरं आली. आडवी फिरवली, तर सगळी स्क्रीनच काळी, अक्षरं तेवढी उजळ.

यशोधराने कपाळावर हात मारला. दरवर्षी फळ्यावर शिकवते मी हे! एका फिल्मने उजेडाला एक दिशा दिली, की आडवी ठेवलेली दुसरी फिल्म तो अडवते. पण रंगाची चमक दिशा सोडून विखुरते. तिच्यातली बरीचशी पार जाणार. म्हणजे एक फिल्म दिव्यापुढे लावायची, दुसरी सेन्सरपुढे आडवी.

"भाईसाब, ऐसी पुरानी फिल्म और है?"

"मॅडम, पोतं भरके आहे. पण काय करणार त्याचं?"

"किडनी तपासणार," ती म्हणाली. परसरामने पोतं पुढे ओढलं.

तरी काम सरळ झालं नाही. नमुना ठेवायची प्लास्टिकची खाच उजेडाची दिशा बिघडवत होती. तिने ती काचेची केली. शेवटी एका दुपारी डबीत साधं पाणी घातलं, आणि आकडा जवळजवळ शून्यावर थांबला. मॅडमनी स्वतः पुन्हा पुन्हा करून पाहिलं. "वांगणीला कधी जायचं?" एवढंच त्या म्हणाल्या.

या खेपेला भिमाबाईंचा आकडा कमी आला, रखमाबाईंचा चढा. दोघींचे तेच नमुने बदलापूरच्या लॅबमध्ये पाठवले. तिथेही तेच निघालं. आजार सुरुवातीलाच सापडल्याने रखमाबाईंची औषधं वेळेत सुरू झाली.

डबीचं एक दुखणं मात्र राहिलंच. दमट हवेत ते थर आठवडाभरात मरून जायचे. सोमवारी यशोधरा तास आटोपून तडक प्रयोगशाळेत गेली आणि काचेच्या कडा हवाबंद कशा करायच्या, ते शिकायला बसली.