करवतकाकांचं शून्य

करवतकाका दिवसातून एकदाच लिहीत, आणि तेही एकच: शून्य.

आमच्या किनाऱ्यावर कासवांची वही असते. किती घरटी सापडली, किती अंडी, किती पिल्लं समुद्रात गेली. माझं अक्षर बरं म्हणून ती माझ्याकडे आली. काकांनी तिच्यात शेवटी स्वतःच्या हाताने एक रकाना आखला: करवत मासा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, वाळूवर आली की ते तिच्यात वाकून बघत, मग वही मागून घेत.

वन्यजीव कायद्यात कासव आणि करवत मासा दोघेही पहिल्याच अनुसूचीत, सगळ्यात कडक संरक्षणात. जगाच्या यादीत मात्र कासव ‘असुरक्षित’ आणि करवत मासा ‘अतिसंकटग्रस्त’, म्हणजे नाहीसं होण्याच्या उंबरठ्यावर. कासवांना कुंपण, फलक, पिल्लं सोडताना पर्यटकांची गर्दी. काका म्हणत, “कासवाक माणसां गावली. हेका कोण आसा?”

रापणीवरचा बाबी, चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, ओरडे, “काय वो काका, इलो काय तुमचो करवतमासो?”

“तुझ्या वरातीक येतलो!”

काकांच्या भिंतीवर त्या माशाची करवत, म्हणजे दोन्ही कडांना दात असलेलं लांब नाक, टांगलेली होती. दात मी मोजले: एका बाजूला एकोणीस, दुसऱ्या बाजूला अठरा. काकू गेल्यापासून त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. “माझ्याच रापणीत गावलेलो,” काका एकदा म्हणाले. “आमी तेचे वाटे घातले, हसलो. ह्यो शेवटचो, असा कोण सांगता?”

रोज शून्यच, तर जागा रिकामी सोडू, असं मी सुचवलं तेव्हा ते चिडले. “रिकामी म्हंजे कोणी बघूक नाय. शून्य म्हंजे बघला, पण मासो गावाक नाय.”

ते आजारी पडले तेव्हा बघायचं काम माझ्याकडे आलं. आठ दिवस गेलो. नवव्या दिवशी घरी पाहुणे होते, राहून गेलं. संध्याकाळी त्यांनी खाटेवरून विचारलं, “रापण ओढली आज?”

“ओढली.”

“तू गेल्लंस?”

शून्य लिहिलं असतं तरी कोणाला कळणार होतं? “नाही,” मी म्हटलं.

ते भिंतीकडे वळले. “मगे रिकामां ठेव.”

त्याच आठवड्यात ते गेले. आता वही छापील येते, तिच्यात तो रकाना नसतो. मी पट्टीने आखतो. यंदा घरटी सात, करवत मासा शून्य. जाळ्यात वाकून बघणारा मी एकटाच असतो. बाबीही आता काही विचारत नाही.

जुन्या वहीत त्या एका दिवसाची जागा अजून रिकामीच आहे.