शहाजीच्या पाटीपुढे माझी पाटी

कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी बारामतीतल्या दुकानाचं शटर अर्ध्यावर उचललं होतं. "भाऊजी, हे गेले ओ..." एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढे कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणून शहाजी पलंगावर टेकला आणि गाडी यायच्या आतच संपला. मी शटर तसंच खाली ओढलं आणि सांगवीला त्याच्या घरी निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले. दशक्रियेच्या दिवशी लोकांनी माझ्या हातात माईक दिला, जवळचा मित्र म्हणून. मी त्याच्या हातातल्या कसबाबद्दल बोललो, त्याच्या स्वभावाबद्दल बोललो. लोकांनी डोळे पुसले. जे बोलायला हवं होतं ते मात्र मी गिळून टाकलं. माझा हा स्वभाव जुना आहे.

शहाजी शिलाई मशीन दुरुस्त करायचा. आमची ओळखही मशीनमुळेच झाली. माझी आई आमच्या गावी, अंथुर्ण्यात बायकांची झंपरं शिवायची आणि तिचं मशीन टाके सोडायला लागलं होतं. मी तेव्हा बारामतीत एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होतो. मशीनचं मुंडकं पोत्यात गुंडाळून एसटीनं आणलं आणि स्टँडजवळच्या शहाजीच्या दुकानात त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं पान्याला हात लावला नाही. डोळे मिटले, कान जवळ नेला आणि चाक हातानं हळूहळू फिरवत बसला. मग म्हणाला, "आईला सांग, तेल देतीस ते चांगलं हाय, पर खोबरेल नको. चिकटून बसलंय बिचारं." दुरुस्ती झाल्यावर त्यानं कापडाच्या एका पट्टीवर लांबलचक टीप मारली आणि ती पट्टी माझ्या खिशात कोंबली. "टाका तिला बघू दे. आपून बोलून काय उपयोग?" अशी पट्टी तो प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायचा. आईनं तिची पट्टी बरेच दिवस सुयांच्या डब्यात जपली होती, आणि पुढे मी कधी उशिरा घरी गेलो की ती विचारायची, "मशीनवाल्याकडं बसला व्हतास व्हय?"

काही वर्षांनी त्याच्या शेजारचा गाळा रिकामा झाला. गाळ्याच्या मालकाला कळायच्या आधी मला कळलं, कारण शहाजी दुपारचं जेवण सोडून मी काम करत होतो तिथे येऊन उभा राहिला. "किती दिस दुसऱ्याची भिंगं पुसत बसनार हाईस? ये की शेजारी." मी नोकरी सोडली आणि दुकान थाटलं. शटरच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत झकास पाटी लावली. महिना गेला, दुसरा गेला, कुणी फिरकेना. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन जाऊन माझीच पाटी बघायचो आणि लोकांना शिव्या घालायचो. शेवटी शहाजी म्हणाला, "लेका, तू समोरनं बघतुयास. समोर शाळेची भित हाय. गिऱ्हाईक काय भितीतनं येतंय? ते स्टँडकडनं येतं, कडंकडंनं चालत. त्याला तुझी पाटी दिसनार कशी?" त्याची स्वतःची पाटी लोखंडी अँगलवर रस्त्याच्या बाजूला काढलेली होती. पत्र्यावर काळं शिलाई मशीन, खाली लाल अक्षरं, दोन्ही अंगांनी रंगवलेली. खेड्यातल्या बायका स्टँडवर उतरल्या की त्या काळ्या मशीनच्या रोखानं सरळ चालत यायच्या.

मग आम्ही दोघं पाट्या बनवणाऱ्याकडे गेलो. त्यानं तीन प्रकार काढून दाखवले. एक पत्र्याची गोल तबकडी, एक चष्म्याच्या आकारात कापलेली पाटी आणि एक आतून दिवे लागणारी पेटी. शहाजीनं चष्म्याची उचलली, हातभर लांब धरली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. "ही घे, सुभाष. भिंगाच्या जागी मोकळंच ठिव. हलकी हाय, वाऱ्याला अडत न्हाय, आरपार दिसतंय." मी हसलो. म्हटलं, "जत्रेतलं खेळणं वाटतंय ते. दुकान भारदस्त दिसाय पायजे." मी पेटी निवडली, तीन फूट रुंद आणि तेवढीच उंच. तो एकदा काहीतरी बोलायला गेला... मग नुसता म्हणाला, "तुझं दुकान, तुझी पाटी." पेटी म्हणजे काय, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. स्टँडकडून येताना आधी माझा गाळा लागतो आणि मग त्याचा. मोकळ्या चष्म्यातून त्याचं काळं मशीन पलीकडे दिसत राहिलं असतं. हे साधं गणित चष्मे विकणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

पाटी बसवायच्या आधी जागा ठरवून बघू, ही कल्पनाही त्याचीच. त्यानं मापात पुठ्ठा कापला, काठीला बांधला आणि माझ्या दारात स्टुलावर चढून उभा राहिला. मला पिटाळलं स्टँडच्या कोपऱ्यावर. मी तिथून ओरडत होतो, "वर... अजून वर... थोडी बाहेर काढ!" त्याच्या दुकानात मशीन घेऊन आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आठ-दहा मिनिटं तो हात वर करून तसाच उभा होता. शेवटी मी दोन्ही हात हलवले, "बास! आता दिसतंय!" आणि त्यानं भिंतीवर खडूची खूण केली. माझी नजर पुठ्ठ्यावरून हललीच नाही. पुठ्ठ्यामागे काय झाकलं गेलं ते मी बघितलं नाही. त्याच्या पाठीमागे, काठीभर अंतरावर, त्याची पाटी होती.

माझं दुकान चालायला लागलं. त्याच्याकडे मात्र गर्दी हळूहळू ओसरली. आम्ही दोघं चहा पीत त्याची कारणं शोधायचो. तयार कपडे आले, पोरी शिवण शिकत नाहीत, मशीन बिघडलं तर लोक नवंच घेतात. मी त्याच्यापेक्षा जोरात मान डोलवायचो. मी रोज अंथुर्ण्याहून मोटारसायकलनं मागच्या गल्लीतून यायचो, त्यामुळे स्टँडची बाजू माझ्या वाटेत नव्हती. पण एक दिवस गाडी पंक्चर झाली म्हणून एसटीनं आलो. कोपऱ्यावरून वळलो आणि समोर माझी पेटी, दुधासारखी पांढरी, रुबाबदार. पलीकडे शहाजीची पाटी कुठंच नव्हती. मी चार पावलं मागे गेलो, पुन्हा पुढे आलो, रस्ता ओलांडून बघितलं. नाहीच. माझ्या पुढे एक बाई पोतं डोक्यावर घेऊन चालत होती. ती आमच्या दोघांच्या दुकानांवरून तशीच पुढे गेली, पुढच्या चौकात थांबली आणि कुणाला तरी विचारायला लागली. पोत्यात काय होतं ते मला माहीत नाही. मशीनचं मुंडकं असावं असं मला अजूनही वाटतं.

म्हणजे मला माहीत होतं. हेच मला माईकवर सांगता आलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, की दिवाळीचा हंगाम झाला की पेटी काढू, चष्म्याची पाटी लावू. दिवाळी झाली. मग म्हटलं लग्नसराई होऊ दे. नव्यानं बसलेली घडी मोडायची भीती वाटत होती, आणि तो स्वतः काही बोलत नव्हता हे मला फार सोयीचं होतं. अशा दोन दिवाळ्या गेल्यावर त्यानंच सांगितलं, "गाळा सोडतुय. घरीच बसून करीन जमंल तेवढं." मी त्याला मशीनं टेंपोत चढवायला मदत केली. पाटी त्यानं स्वतः उतरवली, फडक्यानं पुसली आणि मांडीवर घेऊन पुढे बसला.

शेवटची भेट त्याच्या जाण्याच्या दोन महिने आधीची. त्याचा नवा चष्मा घेऊन मी सांगवीला गेलो होतो. चहा झाला आणि मी धीर करून म्हणालो, "शहाजी, ती आपली पाटी..." त्यानं मला पुढं बोलूच दिलं नाही. "लई झकास दिसती रे! स्टँडवर उतरलो की मला पयली तीच दिसती." आणि तो मनापासून हसला. ते टोमणा मारून म्हणाला की मला सोडवायला म्हणाला, हे मी पाच आठवडे स्वतःला विचारतोय. शहाजीला टोमणे जमत नसत, त्यामुळे उत्तर मला माहीत आहे, आणि ते जास्त लागतं.

मागच्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो. घराच्या ओट्यावर त्याचं काम अर्धं उघडं पडलेलं होतं. काळ्या मशीनची पाटी भिंतीला चिकटवून, सपाट ठोकलेली होती. रस्त्यानं येणाऱ्याला ती दिसायची शक्यताच नव्हती. मी पाटीला हात लावून बघितलं तशा वहिनी म्हणाल्या, "मी किती येळा सांगितलं, जरा बाहेर काढून लावा, येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल. तर म्हनले, पलीकडं गिरणीवाल्याची पाटी हाय, ती झाकंल. म्हनलं, झाकली तर काय हुतंय? त्याला काय कळनार हाय का? तर म्हनले, ज्याची झाकती त्याला कळतंय."

मी म्हणालो, "व्हय." आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

वहिनींनी मला जेवायला थांबवून घेतलं. माझ्यासारखा मित्र त्याला दुसरा नव्हता, असं त्या वाढताना दोनदा म्हणाल्या. मी खाली मान घालून जेवलो आणि सगळं ताट संपवलं. पेटी मी सोमवारी उतरवली, पण त्याचा आता कुणाला उपयोग नाही. शहाजीच्या गाळ्यात आता एका मुलाचं मोबाइलचं दुकान आहे आणि त्याची पाटी माझ्या पेटीपेक्षा मोठी आहे. हे मी पेपरच्या ज्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहितोय, ती वहिनी वाचतात. दुपारी दळण टाकून गिरणीच्या बाकावर बसतात आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश वाचतात. वहिनी, शहाजीची पाटी मी झाकली होती, आणि मला ते कळलं होतं.