खडूची खूण केलेली कौलं

तुम्ही मुलांना कराटेला घालत नाही, फोटोला घालता. पांढऱ्या ड्रेसमधला फोटो, बेल्ट घेतानाचा फोटो, पाय हवेत असतानाचा फोटो. तो पाय खाली आल्यावर पोरगं उभं राहिलं की पडलं, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. नाव घेत नाही, कारण एकाचं घेतलं तर बाकीच्यांना वाटेल आपण सुटलो.

बेळगावात एका शाळेच्या पटांगणावर दर रविवारी सकाळी आमचा क्लास भरतो. क्लास मोठ्या सरांचा. मी त्यांची असिस्टंट, मुलांची आक्का. खानापुरात लहानपणापासून कराटे शिकले, एम.एस्सी. करता करता शिकवायला लागले. क्लासच्या बोर्डावर ‘कराटेतून व्यक्तिमत्त्व विकास’ असं लिहिलंय. मला ते खरं वाटतं, अजूनही वाटतं. म्हणून तर डोकं फिरतं. पालकांचे असले किस्से मी गोळा करत नाही. अनवाणी मैदानात उतरलं की कपड्याला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. घरी येऊन एकेक उपटत बसायचं.

*

जूनमध्ये एक गृहस्थ आले. सोबत साडेपाच वर्षांचा मुलगा, नाकात बोट घालून उभा.

“ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत होतो?”

म्हटलं, “महिने नाही, वर्षं लागतात. सहा, सात. कधी कधी जास्त.”

ते हिरमुसले. थोडा विचार केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला घेतात. तसं काय न्हाय काय तुमच्यात?”

*

दुसऱ्या आठवड्यात अथर्वची आई आली. “मॅडम, ह्याला लई लाजाळूपणा हाय. चारचौघांत तोंडच उघडत न्हाय. तेवढा कॉन्फिडन्स वाढवा.”

मी अथर्वसमोर गुडघ्यावर बसले. “नाव काय रे तुझं?”

“अथर्व,” आई म्हणाली.

“कितवीत आहेस?”

“तिसरीत. इंग्लिश मीडियम.”

“कराटे शिकावंसं वाटतं तुला?”

“लई वाटतंय. घरात दिवसभर उड्याच मारतोय.”

चार महिने मी त्या पोरावर मेहनत घेतली. नजर वर, खांदे मागे, स्वतःचं नाव स्वतः सांगायचं, मोठ्यानं. ऑक्टोबरात आई तणतणत आली. काल पाहुणे आलेवते, त्यांनी अथर्वला काहीतरी विचारलं. आई उत्तर देणार, एवढ्यात तो म्हणाला, “आई, मला विचारलंय.”

“हेच शिकवताय काय हितं? मोठ्यांना उलटं बोलायला?”

पुढच्या रविवारपासून अथर्व अबॅकसला जातो.

*

तपकिरी बेल्ट म्हणजे काळ्याच्या आधीचा. तो मिळालेला एक मुलगा आमच्याकडे आहे, नववीतला. उंच, देखणा, किक मारली की आया टाळ्या वाजवतात. एकदा सगळी मुलं रांगेत उभी आणि हा बेल्ट हातात घेऊन.

“बांध की.”

“आक्का, पप्पा निपाणीला गेलेत.”

मला काही कळेना. “मग?”

“गाठ पप्पा मारतात.”

पाच वर्षं. पाच रंग. गाठ एकही नाही. मी त्याला एका बाजूला घेऊन शिकवली, पंधरा मिनिटांत आली. संध्याकाळी पप्पांचा निपाणीहून फोन: “तेवढ्यासाठी पोराला सगळ्यांच्या देखत बाजूला कशाला काढलंत?”

*

आता तनुजाबद्दल. सातवीत आहे. वडील कॅम्पातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क. तिनं त्यांच्या मागे लागून लागून क्लासला नाव घातलं होतं. आमच्याकडे ठोसा मारताना पोटातून एक आरोळी द्यावी लागते. तनुजाची आरोळी म्हणजे मांजरानं जांभई द्यावी तशी.

वडिलांना सांगितलं, “घरी जरा सराव करू द्या तिला.”

“ठोसे मारू दे की घरात. पण ओरडायला नको. मुलीची जात, शेजारी काय म्हणतील?”

म्हणजे कुणी अंगावर आलं तर पोरीनं त्याला हळू आवाजात मारायचं.

बेल्टच्या परीक्षेत मी तिला नापास केलं. क्लासच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं, कारण मोठ्या सरांकडे जो येतो तो पास होतो. जो येत नाही तोही कधी कधी होतो. वडील भडकले. “कराटे म्हणजे काय गणित हाय काय फेल करायला? आम्हाला चार लोकांत तोंड दाखवायचंय. गॅदरिंगला हिला कौल फोडायला स्टेजवर घ्या. फुटलं कौल तर ऱ्हाऊ दे क्लास. न्हाय तर बंद, चेसला घालतो.”

तनुजा त्यांच्या मागे उभी होती. ते स्कूटर काढायला गेले तशी जवळ आली. डोळे भरलेले, पण प्रश्न सरळ: “आक्का, कुठं चुकलं?”

दोन वर्षांत हा प्रश्न मला त्या क्लासात कुणी विचारला नव्हता.

*

गॅदरिंग म्हणजे आमचं वार्षिक प्रदर्शन. दोन विटांवर मंगळूरी कौल आडवं ठेवायचं आणि मुलानं हातानं फोडायचं. आदल्या दिवशी शनिवारी दुपारी शाळेत गेले, तर मोठे सर वऱ्हांड्यात मांडी घालून करवतीनं कौलं कापत होते. पूर्ण नाही, पाठीमागून अर्धी. चिरेत ओली लाल माती भरायची, पुसायचं, आणि ओळखू यावं म्हणून पाठीवर खडूनं फुली. अशी दहा झाली होती. शेजारी दहा अखंड.

म्हटलं, “सर, ही फसवणूक आहे.”

“अगं, मुलांचा आत्मविश्वास फुटायला नको. कौल फुटू दे.”

“मग आत्मविश्वासालाही मागून चीर पाडून ठेवलीय म्हणा.”

सर हसले. “तू अजून लहान हाईस.”

तेवढ्यात भीमाप्पा आला. भीमाप्पा म्हणजे शाळेचा वॉचमन. मुलींच्या संडासाची कौलं पावसाळ्यात फुटली होती, तेव्हापासून तो नव्या कौलांसाठी सगळ्यांच्या मागे लागला होता. “सर, ह्यातली कौलं छपराला मिळतील काय?”

“फोडायला दहा ठेव, बाकीची घे,” सर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तनुजा मागच्या पटांगणात होती. तिला मी महिनाभर याच भीमाप्पानं दिलेल्या जुन्या, छपराला न बसणाऱ्या, पण अखंड कौलांवर शिकवत होते. आधी विटा हलवून बघायच्या, कौल मध्यावर आहे का बघायचं, श्वास, आरोळी, मग हात. पहिले तीन रविवार कौल जिंकलं. चौथ्या रविवारी एक फुटलं. शनिवारी चारांपैकी दोन फुटली.

“उद्या न फुटलं तर?” तिनं विचारलं.

खोटं बोलवेना. “न फुटलं तर न फुटलं. पण मार पूर्ण.”

*

रविवारी मैदान भरलं. खडेबाजारातून आणलेला मांडव, पाहुणे म्हणून एक पुढारी, आणि पहिल्या तीन रांगांत नुसते मोबाईल वर धरलेले हात.

पहिला तपकिरी बेल्टवाला. गाठ व्यवस्थित. स्वतः मारली असावी. आला, वाकला, गर्जना केली, हात आपटला. कौल होतं तसंच. त्यानं हाताकडे पाहिलं, मग सरांकडे, मग पप्पांकडे. पप्पा खालून म्हणाले, “हात दुखतोय त्याचा कालपासून.”

दुसरा आला. कौल तसंच. “झोप झाली नव्हती.” तिसरा आला. त्यानं हात अर्ध्यावरच थांबवला आणि नमस्कार करून निघून गेला. टाळ्या मात्र पडल्या. मी वाकून कौलाची पाठ बघितली. फुली नव्हती. ढिगातली बाकीची बघितली. एकाही कौलावर नव्हती. सरांचा चेहरा खडूसारखा झाला होता.

चौथी तनुजा. सर माझ्या कानात म्हणाले, “उतरव तिला. तिला कसलं फुटतंय.”

मी म्हटलं, “तिला विचारा.” त्यांनी विचारलं नाही.

तिनं पहिला हात मारला. नाही फुटलं. खाली तिच्या वडिलांनी मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि खुर्चीवर मान खाली घालून बसले. तनुजा माईकजवळच होती. म्हणाली, “न्हाय फुटलं. परत मारते.” मग खाली बसली, उजवी वीट हलवून बघितली, ती डगमगत होती, सरळ केली. कौल मध्यावर घेतलं. उभी राहिली. आणि तिच्या पोटातून जी आरोळी निघाली, तिनं मांडवातलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं.

कौलाचे दोन तुकडे विटांच्या मधे पडले होते.

वडील धावत स्टेजजवळ आले. “तनू, आणि एकदा फोड की गं. रेकॉर्ड झालं न्हाय.”

“न्हाय अण्णा. झालं आता,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी लवकर सोडा मला. उशीर होतोय दर वेळी.”

वडिलांनी मान हलवली.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मांडवामागे भीमाप्पाला गाठलं. “फुली मारलेली कौलं कुठायत?”

“ती व्हय? काल सांजच्यालाच संडासाच्या छपरावर चढवली.” भीमाप्पा सरांकडे बघत राहिला. “खूण करून निवडून ठेवलेली चांगली कौलं, सर. ती कुणी फोडायला देतंय व्हय?”