शेवंती नाखवाचा कीबोर्ड

टाइप करताना शेवंती नाखवा खाली बघायची नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या घरात मासळीची पाटी सोडून मराठी टाइपरायटरपाशी बसलेली ती पहिलीच. वागळे इस्टेटमधल्या एका मंडळाच्या कार्यालयात साहेबांचं वाक्य पुरतं संपायच्या आत ते तिच्या कागदावर उतरलेलं असायचं.

१९९३ साली तिथे संगणक आला आणि बाईंची पाचावर धारण बसली. संगणकाला वेगळी खोली, थंड हवा, चपला दाराबाहेर. देवासाठीही कुणी एवढं सोवळं पाळत नाही. पण कीबोर्डावरची अक्षरं भलत्याच जागी. तिचं बोट सवयीने जायचं एका अक्षरावर आणि पडद्यावर उमटायचं दुसरंच. वर मुख्य कार्यालयाचा हुकूम: हीच मांडणी सगळ्यांनी शिकायची, यंत्रात कुणी ढवळाढवळ करायची नाही, आणि परीक्षेत जो नापास होईल तो आवक-जावकच्या टेबलावर. म्हणजे उरलेली नोकरी पाकिटांना तिकिटं चिकटवण्यात.

घरी ती रडली. तिची आई आवडाबाई मासे कापता कापता म्हणाली, "अगो, माज्या हातची विळी काढून कुनी दुसरी दिली, त मी पन हात कापून घेनार. त्यात रराचा काय?"

संगणकाच्या खोलीचा ताबा होता तानाजी जगदाळेकडे. मूळ साताऱ्याकडचा, राहायला मानपाड्याला, मोजकं बोलणारा. त्याने शेवंतीची तडफड बघितली. संगणकात जुन्या टाइपरायटरची मांडणीही होती, फक्त ती पासवर्डच्या आड होती आणि पासवर्ड ठाऊक होता त्यालाच.

"बाई, रोज सकाळी मी बदलून देतो," तो हळूच म्हणाला. "मशीन बंद करून चालू केलं की आपोआप पहिल्यासारखं होतं. कुणाला कळणार नाही. पण बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून शेवंतीची बोटं पुन्हा धावू लागली. काय करू नि काय नको असं तिला झालं. कोळणीचं उपकार फेडणं म्हणजे दुसरं काय असणार? तिने घसघशीत पापलेटं तळून डबा नेला. तानाजीने झाकण उघडलं, शर्टाच्या गळ्यातून तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली आणि डबा तसाच बंद केला. लाजेने बाईंना तोंड लपवायला जागा उरली नाही. तानाजी मात्र इतका हसला की साहेब डोकावून गेले.

परीक्षेला मुख्य कार्यालयातून अधिकारी आले. शेवंती बसली, मजकूर समोर आला, आणि वीज गेली. थोड्या वेळाने आली. संगणक सुरू झाला तो अर्थात हुकुमाच्या मांडणीसकट.

"करा सुरू," अधिकारी म्हणाले.

शेवंतीने पहिलं बटण दाबलं. भलतंच अक्षर. एक शब्द बोलली असती तर वाचली असती, पण त्या शब्दाने तानाजी बुडाला असता. ती बोलली नाही. मान खाली घालून एकेक बटण शोधू लागली. आयुष्यात पहिल्यांदा.

"साहेब, थांबवा," मागून तानाजी म्हणाला. "बाईंना टाइपरायटरची मांडणी लागते. रोज मीच बदलून देतो."

"कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही."

अधिकाऱ्यांचा चेहरा लाल झाला, पण त्यांच्या तक्त्यात फक्त वेग आणि चुका भरायच्या होत्या. "बदला," ते म्हणाले, "आणि उद्या लेखी खुलासा द्या."

शेवंतीने टाइप केलं. डोळे भरले होते, पडदा धूसर दिसत होता. बोटांना त्याचं काही नव्हतं. ती पास झाली. तानाजीकडून मात्र खोलीचा ताबा गेला, बढतीही लांबली.

ती त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मी गप्प बसले होते ना तुमच्यासाठी! कशाला बोललात?"

"तुम्ही गप्प बसलात," तानाजी म्हणाला, "म्हणून तर बोलावं लागलं."

त्या दिवाळीत, भाऊबीजेला, ओवाळणीचं ताट घेऊन शेवंती मानपाड्याला गेली. पुढे दरवर्षी जात राहिली.