आमचं घर डावीकडे ओढतं

घरात कुणाला दुखणं आलं की डॉक्टर सुचवणारे गोळा होतात, तसं आमच्या गाडीचं झालं. ‘गाडी डावीकडे ओढते’ एवढं म्हणायचा अवकाश, की ज्याच्या त्याच्या ओळखीत एक भरवशाचं, चाकं जुळवून देणारं अलाइनमेंटवालं दुकान निघतंच! नगरच्या बायपासपासून पाथर्डीपर्यंत आम्ही अशी दुकानं पालथी घातली. भरवसा काही मिळेना, किस्से मात्र साचत गेले. त्यातले काही हसून सांगण्यासारखे आहेत. बाकीचे मी दिवसाउजेडीच सांगतो.

आमची गाडी म्हणजे मोटरहोम. पोस्टातून रिटायर झाल्यावर एक जुनी मिनी बस घेतली, सीट्स काढल्या, मागे डाव्या अंगाला पलंग टाकला, मधे ओटा, गॅस, पाण्याची टाकी. हे सगळं मंदासाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी. तिचं आयुष्य सावेडीतल्या एका स्वयंपाकघरात गेलं. “खिडकी तीच, पण बाहेरचं अंगण रोज वेगळं, असं मला एकदा राहायचंय,” असं ती म्हणायची.

पहिली सफर पुणतांब्याची. गोदावरीकाठी चहा करायचा बेत होता. पण कालव्याच्या कडेने जाताना गाडी अशी काही डावीकडे ओढायला लागली, की मी दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळलोच! मंदाच्या खिडकीतून फक्त पाणी दिसत होतं. गाडी थांबली तशी ती खाली उतरली आणि शेअर जीपने घरी निघून गेली.

संध्याकाळी म्हणाली, “सरळ चालेल त्या दिवशी बसेन. दिवाळीपर्यंत नाही चालली तर विकून टाका. मला पुन्हा आशा लावू नका.”

भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली, म्हणून मला जास्त लागलं.

*

पहिलं दुकान बायपासवरचं. काचेची केबिन, मोठा स्क्रीन, बोलायला चटपटीत मालक. माझ्यासोबत शेजारचा इसाक होता. त्याने जन्मभर टेम्पो चालवलाय, त्यामुळे गाडीच्या बाबतीत तो माझा वकील.

आता एक सांगायला हवं. गाडी दुकानात न्यायची म्हटलं की मंदा आदल्या दिवशीच ती आवरायला घ्यायची. टाकी रिकामी, सिलिंडर बाहेर, भांडी घरात, गादीसुद्धा गच्चीवर! “परक्या माणसाला आपला पसारा कशाला दाखवायचा?”

इसाक म्हणायचा, “वहिनी, गाडी दुकानात चाललीय. मुलगी बघायला पाहुणे नाही येत!”

तर त्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. मालक म्हणाला, “काका, गाडी एकदम ओके. तुमच्या मनाचे खेळ आहेत. थांबा, मीच चक्कर मारून येतो.”

तो एकटाच गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि त्याचा चटपटीतपणा कुठेतरी वाटेत सांडला होता. चावी त्याने माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

“काय झालं? ओढते का?” मी विचारलं.

“गाडी ओके आहे,” तो म्हणाला. “फक्त पुन्हा इकडे आणू नका!”

*

दुसरा एमआयडीसीतला टायरवाला. इसाकच्या जुन्या ओळखीचा, गंभीर माणूस. दरम्यान आम्ही पुढचे दोन्ही टायर नवे टाकले होते आणि गाडी दारातच उभी होती. त्याने डाव्या टायरवरून तळवा फिरवला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या.

“कुठं फिरवता ही?”

“कुठेच नाही. दारात उभी असते.”

“उभी गाडी अशी न्हाई झिजत,” तो म्हणाला. “ही गोल फिरलीय. एकाच जागंभोवती, सारखी.”

इसाकला खात्रीच पटली, की कुणीतरी चावी चोरून गाडी फिरवतंय. चावी तर मंदाच्या देवघरातल्या खिळ्याला! तरी त्याने चारही चाकांभोवती खडूने रेघा मारल्या. सकाळ-संध्याकाळ येऊन तपासायचा. रेघ जरासुद्धा मोडली नाही, आणि टायर मात्र झिजत राहिले.

शेवटी इसाकने खडू नाल्यात फेकला. “भाऊ,” तो म्हणाला, “ही झोपेत चालते!”

मी हसलो. तो हसत नव्हता.

*

केडगावच्या दुकानात मात्र नशीब उघडलं असं वाटलं. मिस्त्रीने खटपट केली, मला रस्त्यावर नेलं आणि म्हणाला, “सोडा हात.”

सोडले. गाडी सुतासारखी सरळ! इसाक मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. परतताना त्याने पेढे घेतले. मंदाच्या हातावर पेढा ठेवून मी म्हणालो, “चल, बस.”

ती साडी बदलून आली. गाडीत पाय ठेवण्याआधी पायरीला हात लावून नमस्कार केला. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि गाडी डावीकडे निघाली! कालव्याजवळ ओढली होती तशीच, हळू पण ठाम.

दुसऱ्या दिवशी मी आणि इसाक गेलो, तर सरळ. मंदाला घेऊन गेलो, तर डावीकडे. मग मंदाला उजवीकडे, माझ्या मागे स्टुलावर बसवलं. तरी डावीकडेच!

इसाकने वातावरण हलकं करायला म्हटलं, “वहिनी, तुम्ही डाएट सुरू करा!”

एरवी तिने त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी ती नुसती खाली उतरली. रात्री जेवली नाही. “मीच घराबाहेर पडू नये असं दिसतंय,” एवढंच म्हणाली. मला गाडीचा संताप आला. बोनेटवर एक बुक्की मारली आणि हात सुजवून घेतला.

*

दिवाळी जवळ आली. इसाक म्हणाला, “आता मशीनवाले पुरे. घोडेगावला चल.”

“जनावरांच्या बाजारात? अलाइनमेंटला?”

“तिथले दलाल अख्ख्या जिल्ह्याचे मिस्त्री ओळखतात. बैल घ्यायला फिरतात ना!”

बाजाराचा दिवस होता. मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी, त्यात आम्हाला कशीबशी जागा मिळाली. चहा घेऊन परत येतो तर आमच्या गाडीभोवती मोकळं मैदान! डाव्या अंगाला बांधलेली सगळी जनावरं दावं ताणून, तोंड फिरवून उभी. भर दुपारी, एवढ्या गोंगाटात, त्या बाजूचं एकही जनावर हंबरत नव्हतं.

इसाकच्या ओळखीचा दलाल धावत आला. “मालक, गाडी तेवढी लांब लावा. जनावरं बिथारत्यात.”

आम्ही दुसरीकडे लावली. तिथेही तेच! तिसऱ्या ठिकाणी लोक आपणहून दावी सोडायला लागले.

दलालाने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मला इंजिनातलं काई कळत न्हाई,” तो म्हणाला. “पर तीसगावच्या म्होरं एक मिस्त्री हाय. ऊसतोडीच्या गाड्या तोच करतो. त्याच्याकडं न्या. आन् हितनं आधी काढा!”

*

हा मिस्त्री म्हणजे एक भांडखोर प्रकरण. करंजीचा घाट चढून तीसगाव ओलांडलं की रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं शेड. साखर कारखाने सुरू व्हायचे दिवस, त्यामुळे दारात जीप आणि टेम्पोंची रांग. आणि प्रत्येक गाडीत संसार भरलेला! पिपं, गोधड्या, चुली, कोंबड्या, त्यावर माणसं. तशा भरल्या गाडीला दोन्ही अंगांनी सुतळी ताणून तो चाकं जुळवत होता.

आमची रिकामी, चकाचक गाडी बघून तो भडकलाच. “हे काय आनलं?”

“मोटरहोम. घर आहे आमचं.”

“घर? मंग भांडी कुठंयत? पानी कुठंय? मानसं कुठंयत?” तो ओरडला. “रिकाम्या गाडीचं माप घिऊन काय उपेग? तुमी रिकामं जानार हाय व्हय? जावा! घर घिऊन या!”

आम्ही नगरला परत आलो. मंदाला हे पटवणं घाट चढण्यापेक्षा अवघड गेलं. न घासलेली कढई घेऊन परक्याच्या दारात जायचं, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं! शेवटी दिवाळीची आठवण तिनेच काढली. “हे शेवटचं. नाही जमलं तर येतानाच गिऱ्हाईक बघू.”

भरलेली टाकी, सिलिंडर, गादी, डबे आणि सकाळच्या पोह्यांची कढई घेऊन आम्ही निघालो. गाडी वाटभर डावीकडे ओढत होती. मंदा डोळे मिटून दांडी धरून बसली होती.

मिस्त्री खूश झाला. “आता कसं! बसा आपापल्या जागंवर. पुढं बघा. हलायचं न्हाई.”

मी स्टेअरिंगवर, मंदा डावीकडे. इसाक बाहेर सुतळीचं टोक धरून उभा. मिस्त्री चाकाशी उकिडवा बसून माप घेत होता. वरून ऊन रणरणत होतं. मिस्त्रीने मान वर केली आणि वैतागून म्हणाला, “अहो, पलंगावरच्या बाईंना सांगा, हलू नगा म्हनावं. सुतळी हलती.”

मी मागे वळून पाहिलं. पलंग रिकामा होता.

इसाक सुतळी धरूनच मागच्या खिडकीशी गेला. आत पाहिलं. परत जागेवर येऊन उभा राहिला आणि सुतळीचं टोक मनगटाला गुंडाळायला लागला.

“मिस्त्री, मागे कोणी नाही,” मी म्हणालो.

मिस्त्रीने पलंगाकडे पाहिलं. मग असा चेहरा केला, जणू दिवसभर त्याला हेच ऐकावं लागतं. “तुमचा घरचा मामला तुमी बघा. मला रांग हाय. एवढंच सांगा, त्यास्नी धरून करू का सोडून? उतरनार असतील तर आत्ता उतरवा. मागनं माप बदललं तर मी जबाबदार न्हाई!”

मी गाडीचं दार उघडायला हात घातला. मला मंदाला घेऊन तिथून पळायचं होतं. गाडी तिथेच सोडून द्यायची होती.

मंदा मागे वळली नाही. मांडीवरची पर्स घट्ट धरून समोर बघत होती. मग हळूच म्हणाली, “एवढ्या लांब आल्यात बिचाऱ्या आपल्याबरोबर.” आणि मिस्त्रीला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाली, “धरून करा!”

मिस्त्रीने पाना फिरवला. सुतळी सोडली. “झालं. जावा.”

इसाक खिडकीशी आला. जिथे जिथे गेलो तिथे हा माणूस सोबत होता. म्हणाला, “भाऊ, मी एस.टी.नं येतो.”

“अरे, पण...”

“जागा कुठंय?” तो म्हणाला आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागला.

रस्त्याला लागलो. मी जीव मुठीत धरून हात सोडले. गाडी सरळ! पुन्हा सोडले. सरळ! मंदा शेजारी बसलेली आणि तरी सरळ! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. घराकडे जायला पुढे वळण बघू लागलो, तर मंदाने माझ्या हातावर हात ठेवला.

“घरी कशाला? घर तर बरोबरच आहे. पुढे चला.”

कितीतरी दिवसांनी ती हसली होती. पाथर्डीच्या बाजूचा तो उघडा माळ ती डोळे भरून बघत राहिली. थोड्या वेळाने ऊन डावीकडून आत यायला लागलं. मंदा समोरच बघत, पाहुण्यांशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, “ऊन लागतंय का हो तिकडे? पडदा ओढून घ्या.”

मागे पडद्याच्या कड्या सरकत गेल्याचा आवाज आला.

मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि पुढे बघत राहिलो.