पैलवानांचा नायटा

मी नायट्यावर संशोधन करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी दोन पावलं मागे सरकायचा आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, "औषध आहे का हो काही?" मागे न सरकता विचारणारा माणूस मला अख्ख्या सांगलीत भेटला नाही.

लढाई संपली होती पण साखरेचं रेशन संपलं नव्हतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि सांगलीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरांच्या घरी राहून त्यांच्याच हाताखाली काम करत होते. दवाखान्यामागची पडवी ही आमची प्रयोगशाळा. तिथे एक सूक्ष्मदर्शक, एक स्टोव्ह आणि काचेच्या नळ्यांची रांग. नळ्यांत चायना ग्रास शिजवून गोठवायचं आणि त्यावर नायट्याची बुरशी वाढवायची. या बुरशीला साखर लागायची आणि ती डॉक्टरांच्या घरच्या रेशनातून जायची. बुरशी साखर खायची आणि आम्ही सगळे गुळाचा चहा प्यायचो. "जेवल्या का तुमच्या जहागीरदारीणबाई?" असं डॉक्टरांच्या पत्नी मला रोज सकाळी विचारायच्या. सूर अजिबात प्रेमाचा नसायचा.

माझे वडील साताऱ्याला शाळामास्तर होते. त्यांनी मला एक वर्ष दिलं होतं. वर्षभरात छापण्याजोगा अहवाल तयार झाला तर पुढे शिकायचं, नाहीतर ट्रंक उचलून घरी यायचं आणि मुकाट्यानं बोहल्यावर उभं राहायचं. स्थळही बघून ठेवलेलं होतं. लग्नाचं मला वावडं नव्हतं. पण काचेखाली दिसणारे ते बुरशीचे नाजूक धागे पुन्हा दिसणार नाहीत, या विचारानं मी रात्री उठून पडवीतल्या नळ्या बघून यायचे. खरं सांगते, मला त्या घाणेरड्या बुरशीचा लळा लागला होता.

डॉक्टरांनी एरंडेल तापवून त्यातून एक आम्ल काढलं होतं आणि त्याचं मलम बनवलं होतं. परदेशात सैनिकांच्या पायांना असलंच काही लावतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. नळीत हे मलम पडलं की बुरशी मरायची. माणसाच्या अंगावर मरते का, एवढंच बघायचं राहिलं होतं. त्यासाठी भरपूर नायटा असलेली आणि एका जागी सापडणारी माणसं हवी होती. अशी जागा म्हणजे तालीम. आमच्या गल्लीच्या टोकाला एक होती. रोज एकाच मातीत अंगाला अंग घासणारे आठ पैलवान, आणि आठांनाही नायटा.

तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही असा नियम. त्यामुळे पैलवानांनाच पडवीत यावं लागलं. बोथट सुरीनं कातडीचा कोंडा खरवडून मी कागदावर घेणार होते. आता नायटा बहुतेकांना मांडीला आणि खरवडणारी मी बावीस वर्षांची. जत्रेत हजारो लोकांपुढे लंगोटावर उभे राहणारे हे गडी माझ्यापुढे धोतराचा सोगा गुडघ्यावर घेईनात. एकानं तर मनगट पुढे केलं आणि "हितंच हाय, हितंच हाय" म्हणत राहिला. मनगट स्वच्छ होतं. दुसऱ्याला सुरी लागायच्या आधीच घेरी आली. त्याला आडवं करायला चौघे लागले, आणि ते चौघेही लाजेनं डोळे मिटून होते. त्यामुळे त्यांनी त्याला नेमकं डॉक्टरांच्या खुर्चीवर आडवं केलं. खुर्ची मोडली.

एवढं करून प्रयोग सुरू झाला. एक नंबरच्या डबीत मलम, दोन नंबरच्या डबीत नुसतं व्हॅसलीन. वास सारखा यावा म्हणून त्यातही थोडं एरंडेल. चौघांना एक नंबर, चौघांना दोन नंबर. कुठल्या डबीत काय, ते त्यांना सांगायचं नाही. महिना झाला की कोण बरा झाला ते बघायचं आणि अहवाल लिहायचा.

चौथ्या दिवशी तालमीचे वस्ताद पडवीच्या दारात उभे. साठीचा माणूस, कान चेचलेले, बोलणं एकदम मऊ. हातात आठही डब्या.

"बाई, औषिद संपलं."

"संपलं? महिन्याचं दिलं होतं!"

"व्हय, पर माती लय खाती."

"कुठली माती?"

"आवं, हौद्यातली, जिथं आमी लढतो ती. ताक, त्याल, हळद, कापूर, जे जे चांगलं ते आमी मातीत घालतो. मग ते समद्यांच्या अंगाला सारखं लागतं. तुमी तर डब्यांवर एक अन् दोन घातलेलं. एकाला बदाम अन् एकाला शेंगदाणं, असं तालमीत चालत न्हाई. म्हून आठी डब्या मातीत पालथ्या केल्या अन् फावड्यानं कालवल्या."

माझा राग तसाही नाकावर असतो. त्या दिवशी तो नाकावरून थेट गल्लीत उतरला. मी तरातरा तालमीपर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून ओरडायला लागले. आत एकच धावपळ उडाली. दोघे खांबामागे गेले. खांब वीतभर रुंद, पैलवान दीड हात. एकानं घमेलं पुढे धरलं, एकानं मारुतीच्या मूर्तीआड बसून घेतलं, आणि उरलेल्यांनी सरळ स्वतःला मातीत पुरून घेतलं. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य मात्र आठवतं. "तुमच्यापायी माझं वर्ष गेलं," असं म्हणून मी रडतच परत आले.

त्याच तिरमिरीत मी वडिलांना 'न्यायला या' म्हणून पत्र टाकलं. आठवड्यात ते हजर. ट्रंकेला बांधायचं सुंभही त्यांनी साताऱ्याहून बरोबर आणलं होतं. सांगलीत काही मिळत नाही, अशी त्यांची खात्री होती.

मी पुस्तकं भरत होते तेवढ्यात वस्ताद आठही पैलवानांना घेऊन आले. पडवीत मावेनात म्हणून अंगणात उभे राहिले, धोतरं नेसून, माना खाली घालून. वडील पाच फुटांचे. ते ओसरीवर उभे राहिले तेव्हा कुठे दोन्ही बाजूंची डोकी एका पातळीवर आली.

"मास्तर, चूक आमची हाय," वस्ताद म्हणाले. "बाईंना न्हेऊ नका. एक महिना द्या. आमी मारुतीची आन घेतलीया. आपली डबी कुनी दुसऱ्याला द्यायची न्हाई, मातीत घालायची न्हाई."

वडिलांनी माझ्याकडून सगळं समजून घेतलं होतं. ते म्हणाले, "पण ज्यांच्या डबीत औषध नाही, त्यांनी काय महिनाभर नुसतं खाजवायचं?"

मागून एक पैलवान म्हणाला, "खाजवू की, मास्तर. बाईंचं वरीस वाचतंय न्हवं?"

वडील सुंभ तसंच पिशवीत ठेवून संध्याकाळच्या गाडीनं गेले.

या खेपेला मी पक्का बंदोबस्त केला. लंगोट रोज उकळायचे. एक नंबरवाल्यांनी हौद्यात नवी माती टाकून आपसांतच लढायचं. दोन नंबरवाल्यांना वस्तादांनी आपल्या मळ्यात वेगळी माती करून दिली. तालमीची अशी फाळणी यापूर्वी कधी झाली नव्हती. जुने जोडीदार रस्त्यात भेटले की भांडण झालेल्या नातेवाइकांसारखे एकमेकांकडे बघायचे आणि न बोलता पुढे जायचे. बोललो तर औषध लागेल, अशी त्यांना भीती वाटत होती. दोन नंबरवाले देवळाच्या भिंतीला पाठ घासायचे. भिंतीचा चुना गेला. खरं मलम कुठल्या डबीत, ते आठवड्यातच सगळ्या गावाला कळलं होतं, पण एकानंही आण मोडली नाही.

महिना संपला. मी एकेकाचा कोंडा घेऊन काचेखाली बघत होते. दोन नंबरच्या चौघांत धागे तसेच. एक नंबरचे तिघे लख्ख. चौथा आला आणि त्याची पाठ नायट्यानं जशीच्या तशी भरलेली.

"डबी कुठाय?" मी विचारलं.

त्यानं कनवटीची डबी काढून पुढे केली. काठोकाठ भरलेली. बोटही लागलेलं नव्हतं.

मी अशी कडाडले की डॉक्टर रुग्ण सोडून आत आले. "आण घेतली होती ना तू? मारुतीची!"

"आन मोडली न्हाई बाई," तो खाली बघत म्हणाला. "दुसऱ्याला द्यायची न्हाई, अशी हुती. न्हाई दिली. पर माझा जोडीदार तिकडं मळ्यात खाजवत बसलेला. मला एकट्याला बरं व्हायाला कसंतरीच वाटाया लागलं."

मी तोंड फिरवून खिडकीशी गेले. राग कधी गेला ते कळलं नाही. डोळे पुसून आले आणि अहवालात त्याच्या नावापुढे लिहिलं : मलम दिले, लावले नाही, कारण जोडीदार. डॉक्टरांनी ते खोडलं नाही.

वडील पुन्हा आले तेव्हा अहवालाची साफ प्रत तयार होती. मास्तरच ते, लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसले. दोन स्पेलिंगं सुधारली, एक स्वल्पविराम घातला. मग 'कारण जोडीदार' या ओळीशी पेन्सिल थांबली.

"या मुलाला आता तरी लावलं का मलम?"

"लावलं, बाबा."

"आणि जोडीदाराला?"

"दोघांना एकाच वेळी. त्याशिवाय तो पाठ पुढे करेना."

वडिलांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. "हे वाक्य काढू नकोस," म्हणाले. "कुणी सांगितलं तरी काढू नकोस." आणि ट्रंकेचा विषयही न काढता ते एकटेच साताऱ्याच्या गाडीत बसले.